बोलणं न होता लिहिलेलं ‘ॲज डिस्कस्ड’

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. ज्या मेलमध्ये मी ‘ॲज डिस्कस्ड’ लिहिलं, त्यातली चर्चा कधी झालीच नव्हती.

मी भिलाईच्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात प्लॅनिंग पाहतो. एका मशीनची फ्रेम आम्ही कुम्हारीच्या टेंभुर्ण्यांच्या वर्कशॉपला वेल्डिंगला दिली होती. वेल्डिंगनंतर असा जॉब भट्टीत तापवून हळूहळू थंड करतात. त्याला स्ट्रेस रिलीव्हिंग म्हणतात. ते टाळलं तर वेल्ड पुढे तडकू शकतो. पण डिलिव्हरी अंगावर आली होती.

“लिख दो, ॲज डिस्कस्ड, भट्टी के बिना भेज दो,” जीएम म्हणाले.

“सर, डिस्कस तो हुआ नहीं.”

“मेल जाएगा तो हो जाएगा.”

मी लिहिलं.

हे शब्द वाचले की माणसाला वाटतं, आपल्यापैकी कोणाशी तरी बोलणं झालं असेल. टेंभुर्ण्यांना वाटलं, वर्कशॉपचे फोन घेणारा आपला धाकटा भाऊ सुरेश हो म्हणाला असेल. फ्रेम तशीच आली. क्लायंटकडे वेल्ड तडकला. जीएमनी माझा मेल पुढे केला. “व्हेंडर ने माना था.” टेंभुर्ण्यांना आमच्याकडून मिळणारं काम बंद झालं. त्यांनी सुरेशला वर्कशॉपमधून काढलं.

सुरेश रुआबांध्याला माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला.

“दादा, तुमी मायाशी कवा बोलले जी?”

“सरांनी सांगितलं म्हणून मेल टाकला.”

“ते नाही पुसून राहिलो. भाऊ म्हणते, तू त्यायले मिळालेला हायस. एक फोन करा त्याले. आत्ता, मायासमोर.”

“सरांना विचारून सांगतो.”

“विचारा. नाही विचारलं तरी लिवून टाकानच, ॲज डिस्कस्ड.”

जीएमचा राग येतो. ते वरच्या पोस्टवर रायपूरला गेले. पण स्वतःची चीड जास्त येते. मला इंग्रजी येत नव्हतं थोडंच? ‘वी प्रपोज’, म्हणजे आमचा प्रस्ताव आहे, असं लिहिता आलं असतं. टेंभुर्ण्यांनी सरळ नाही म्हटलं असतं. आम्हाला तेच नको होतं.

कोण, कोणाशी, केव्हा बोललं, हे सोबत लिहिता येत नसेल तर ‘ॲज डिस्कस्ड’ लिहू नये. एवढंच त्याचं बरोबर इंग्रजी.

जीएमना मी विचारलं नाही. फोनही केला नाही. टेंभुर्ण्यांना सांगायचं अजून बाकी आहे: सुरेशशी कोणीच बोललं नव्हतं. भट्टी आम्ही टाळली.