मेलबॉक्समधला केर

कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या गावात सारख्या गाड्या यायच्या. घाटंजीहून आत वळलं की आमचं गाव, रस्ता बरा, म्हणून आमच्याकडे जास्त. गाडीतून कॅमेरेवाले उतरत, कोणाच्या घरी काय झालं ते विचारत, फोटो काढत. जाताना म्हणत, "फोटो पाठवतो. ईमेल आहे का?"

गावात ईमेल एकच होता, माझ्या मुलीचा. बारावी झाल्यावर अर्ज भरायला तिनं तो घाटंजीच्या कॅफेत उघडला होता. तोच पत्ता सारं गाव देऊ लागलं. सगळ्यांचे फोटो तिच्याच खात्यात येऊन पडायचे. लोक सुरुवातीला विचारायचे, मग विसरायचे. शेजारीण तेवढी विसरली नाही.

तिची म्हातारी आई तिच्याकडेच राहायची. कॅमेरेवाली बाई त्या म्हातारीला म्हणाली, जरा दुःखी चेहरा करा. म्हातारीनं केला. पण बकरीचं पिल्लू तिच्या लुगड्याचा काठ चावत होतं, त्यामुळे दर वेळी तिला हसू यायचं. ती बाई वैतागून गेली. पुढे पोळ्याच्या आधी म्हातारी वारली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. शेजारीण दर बाजाराला विचारायची, "काकू, मायचा फोटो आला काय वो?" मी म्हणायची, "नाही आला." मुलीला मी एकदाही विचारलं नव्हतं. शेजारणीला वाटेला लावायला तसं म्हणायची.

त्या साली सांधे धरणारा ताप गावभर फिरला. माझी मुलगी खाटेवर पडली, उठून बसता येईना. आणि नेमका तेव्हाच नागपूरच्या नर्सिंगच्या संस्थेतून फोन आला. तिचा नंबर लागला होता. पण पत्र मेलवर पाठवलं की परत येत होतं, तिच्या खात्यात जागाच नव्हती. ते म्हणाले, आज संध्याकाळी शेवटचं पाठवू, नाही पोचलं तर पुढच्या मुलीला बोलावू.

माझा नवरा बाहेरगावी होता. मीच निघाले. मुलीनं माझ्या तळहातावर पेनानं पासवर्ड लिहून दिला.

"माय, फोटोवाले मेल जड असतात. प्रत्येकासमोर आकडा दिसते. मोठा आकडा दिसला का काढाचा. उघडून पाहू नको, वेळ जाते."

"अन् त्यात कोणाचं काई असलं तं?"

"कोणाचं काई नसते वो. काढ तू."

मी जन्मभर कापूस वेचला. पाणी मारलेला कापूस काट्यावर जड भरतो, म्हणून तो चांगला नसतो, हे मला माहीत. हलका असला म्हणून वाईट नसतो, हेही माहीत. पण त्या दिवशी मी जड ते टाकायचं एवढंच डोक्यात धरून गेले.

कॅफेवाला ओळखीचा होता. मला पाहून म्हणाला, "काय मावशी, चॅटिंग कराले आल्या काय?"

"तुह्या बापासंग कराची आहे. मशीन लाव."

तो हसला आणि बसला. तळहातावरचं घामानं पुसत आलं होतं, दोन अक्षरं अंदाजानं लावली. मग मी आकड्यावर बोट ठेवायची आणि तो मेल काढायचा. एकदा त्याचा हात चुकला आणि मेल उघडला. चित्र वरून खाली हळूहळू उतरू लागलं. आधी टिनाचं छत, मग पांढरे केस, मग दात नसलेलं उघडं तोंड. म्हातारी हसत होती. खाली पिल्लूसुद्धा होतं.

"कोण आहे?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणाले. त्यानं तोही काढला.

पुढचे मेल काढले, पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. सगळं संपल्यावर तो म्हणाला, "आता फक्त कचरापेटी रिकामी कराची राह्यली. काढलेलं सारं अजून तिथंच आहे. ते टाकलं का झालं."

"टाकलं तं मग सापडत नाही?"

"मंग कुठून सापडते, मावशी?"

तेवढ्यात त्यानं दिवा लावला, गल्ल्यावरच्या गणपतीला उदबत्ती ओवाळली. बाहेर दिवेलागण झाली होती. आमच्याकडे दिवे लागल्यावर केर बाहेर टाकत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. झाडायचं, कोपऱ्यात लोटून ठेवायचं आणि सकाळी टाकायचं. मी तेच म्हणाले. "आता दिवे लागले. केर सकाळी टाकू."

तो हसायला लागला. "हा काय घरचा केर आहे काय? अन् पेटी भरली असली तं जागा होत नाही बरं."

मला ते खरं वाटलं नाही. कोपऱ्यात लोटलेला केर दारातून येणाऱ्याच्या पायात येत नाही, असा माझा हिशेब. वरचे मेल तर दिसत नव्हते, खातं मोकळं दिसत होतं. "येते बरोबर," मी म्हणाले. "राहू दे सकाळपर्यंत."

लक्ष्मीची मला फार काळजी होती असं नाही. त्या वर्षांत ती कोणाच्याच घरी नव्हती. मला तो फोटो टाकवत नव्हता, आणि शेजारणीशी मी खोटं बोलत आले हे कॅफेवाल्यासमोर सांगवत नव्हतं. खरं सांगितलं असतं, तर त्यानं तेवढा एक मेल बाहेर काढून ठेवला असता आणि बाकीचं टाकून दिलं असतं. साधं काम होतं.

सकाळी शेजारणीला घेऊन गेले. कॅफेवाल्यानं पेटीतून फोटो काढून कागदावर छापून दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला. रडेल असं वाटलं होतं, पण ती हसू लागली. "पाहा वो काकू, पिल्लू पण आलं!" मग पेटी रिकामी केली आणि आम्ही नागपूरच्या मेलची वाट पाहत बसलो. दुपारी मीच संस्थेत फोन लावला. पत्र काल संध्याकाळीही परत आलं होतं. पुढच्या मुलीला कळवून झालं होतं.

घरी आले तेव्हा मुलगी खाटेवर पडल्यापडल्याच दाराकडे पाहत होती. मी जे झालं ते सांगितलं, उदबत्तीसकट. ती म्हणाली, "तो फोटो बाजूले काढून ठेव असं सांगाले तुले काय झालतं वो, माय?"

मी चूल पेटवायला गेले.

ते वर्ष तिनं माझ्यासोबत कापूस वेचला. ताप गेला तरी बोटं आखडलेलीच होती, बोंडं धरताना ओठ चावायची. मी पुढच्या ओळीत, ती मागच्या. मी मागे वळून पाहायचं टाळायची. पुढल्या साली दुसरीकडे नंबर लागला, नागपूरपेक्षा लहान ठिकाणी. आता ती झरीकडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. नागपूरला शिकली असती तर आज कुठे असती, हे ती बोलत नाही. मी मनात बोलते.

शेजारणीनं फोटोला फ्रेम केली. दाराच्या समोरच लावली आहे. मी गेले की म्हणते, "तुमच्यामुळं मायचं तोंड पाहाले भेटते." मी चहा अर्धा टाकून उठते.

आता माझ्या फोनवरही जागा संपल्याचा निरोप येतो. मुलगी सुटीत आली की फोन घेऊन जड जड मेल काढत बसते. परवा दिवे लागले होते. ती खाली मान घालूनच म्हणाली, "माय, कचरा आत्ता टाकू का सकाळी?"

"काढलं त्यात कोणाचं काई आहे काय, ते आधी पाह्य," मी म्हणाले. "मंग टाक. आत्ताच टाक."

तिनं एकेक उघडून पाहिलं. वेळ लागला. मी शेजारी बसून राहिले.