कॉम्प्युटरात उतरलेले पाहुणे

नातीचं नाक कोणावर गेलंय, हा त्या दिवाळीनंतर आमच्या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. भाऊ पुण्यात, वहिनीचं माहेरही तिथलंच, म्हणून बारसं तिकडे. इकडे आमच्या गावी, नवेगाव बांध इथे, आईच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे प्रवास बंद. फोनवर तिला नात म्हणजे नुसता गुलाबी ठिपका दिसायचा. तिचं एकच मागणं होतं: मोठ्या पडद्यावर पोरीचं तोंड एकदा पाहू द्या, नाक आपलं की त्यांचं ते मी सांगते. तिच्या डोळ्यांत औषध घालायला मी गोंदियाहून सुट्टी काढून आले होते, म्हणजे आत्याही इकडेच. मग असं ठरलं की घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल लावायचा आणि मी इथूनच बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं.

बारशाच्या सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला आणि कपाळावर हात मारून घेतला. ब्राउझर उघडला तर नेहमीचं पान गायब, त्या जागी भलतंच काहीतरी. कोपऱ्यातून एकामागून एक चौकोन वर येत होते. टक्कल घालवा, गुडघेदुखी घालवा, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे तो घालवा. एक परदेशी बाई मैत्रीला तयार होती. भावाला कॉल लावून पाहिला तर पाळण्याच्या वर बरोबर तेलाची बाटली येऊन बसली. आईनं डोळे बारीक करून विचारलं की पोरगी एवढी पिवळी कशी काय दिसते.

हे सगळं बाबांचं कर्तृत्व. वनखात्यातून निवृत्त झाल्यापासून ते कॉम्प्युटरवर बातम्या वाचतात. या सगळ्यांना आत कोणी घेतलं, असं मी जरा आवाज चढवूनच विचारलं. ते जराही ओशाळले नाहीत.

"तो विचारून राहिला होता, येऊ का म्हणून," ते म्हणाले. "दारात येऊन विचारणाऱ्याले नाही कसं म्हणू?"

आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या दिवसांत घरोघरी पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे, आणि बाबांचा शिरस्ता असा की ओसरीवर आलेल्याला आधी जेवायला वाढायचं, कोण कुठला ते हात धुतल्यावर विचारायचं. एका मंडईत एक गृहस्थ आमच्याकडे मासे-भात जेवून, वामकुक्षी घेऊन उठले, तेव्हा कळलं की त्यांना पलीकडच्या आळीत जायचं होतं. बाबांनी त्यांना चहा पाजून तिकडे पोचवलं. वेबसाइटांनाही त्यांनी हाच न्याय लावला होता. 'अलाऊ' आणि 'ब्लॉक' अशी दोन बटणं समोर आली की बाबा सगळ्यांना या बसा म्हणत होते.

कॉम्प्युटर विकणाऱ्या गोंदियाच्या दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, फॉरमॅट मार दो मॅडम. तसं केलं असतं तर बाबांचे जंगलातले सगळे फोटो गेले असते. मग मी ओढणी खोचली. सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशनच्या परवानग्या काढत सुटले. न मागता शिरलेले प्रोग्राम अनइन्स्टॉल केले, सुरुवातीचं पान पुन्हा होतं तसं केलं, मग ब्राउझरला चिकटलेलं एकेक एक्स्टेन्शन काढायला घेतलं. बाबा खुर्ची ओढून शेजारीच बसले होते. टक्कलवाला गेला तेव्हा त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. गुडघेवाला गेला तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला. शेवटचं एक्स्टेन्शन राहिलं, तेव्हा त्यांनी माझा हातच धरला. त्यातून दिवसातून कधीतरी पडद्यावर फुलांचा गुच्छ यायचा आणि एक बाई गोड आवाजात नमस्कार करायची.

"तिले कायले काढून राहिली? रोज नमस्कार करते बिचारी."

मला राग आला होता, पण त्यांचा चेहरा पाहून तो टिकला नाही. मी बाईंना राहू दिलं.

दुपारी कॉल लागला. पुण्याची मंडळी नटूनथटून पाळण्याभोवती उभी होती. आई पडद्यापुढे इतकी सरकून बसली की मला तिला मागे ओढावं लागलं. भावानं फोन बाळाच्या तोंडाजवळ नेला, आईनं श्वास रोखला, मी कुर्रर्र सुरू केलं, आणि फुलांचा भलामोठा गुच्छ पडदाभर पसरला. "बधाई हो!" बाई म्हणाल्या. "आप चुने गए हैं!"

आत्याच्या आधी त्या बाईच बाळाच्या कानात बोलल्या. पुण्याला कोणीतरी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हा आमच्याकडचा रिवाज असावा. मी माउस शोधत होते. आई मात्र मान वाकडी करून, गुच्छाच्या कडेनं पलीकडे काही दिसतं का ते पाहत होती. गुच्छ हलेना. आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते औषधाचं नव्हतं.

तेव्हा बाबा उठले. सकाळभर शेजारी बसून त्यांनी सगळं पाहून ठेवलं होतं. त्यांनी पडद्याला हात जोडले, मग माउस घेतला, वरच्या कोपऱ्यातल्या त्या एक्स्टेन्शनच्या चिन्हावर गेले, उजवं बटण दाबलं, 'रिमूव्ह' निवडलं. खरंच काढायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. आयुष्यात कोणाला दार न दाखवलेल्या माझ्या बाबांनी एकदा आईकडे पाहिलं.

"निघा आता, बाई," ते म्हणाले. "आमच्या घरी काम हाय."

गुच्छ गेला आणि तिथे बाळ होतं, जांभई देत. आईनं त्या नाकाकडे पोटभर पाहून घेतलं. मग नाक आपलंच असल्याचं तिनं पुण्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, आणि मी नाव सांगितलं.

संध्याकाळी बाबा ओसरीत बसून होते. मी चहा घेऊन गेले तर त्यांनी आत, कॉम्प्युटरच्या दिशेनं पाहिलं आणि हळूच विचारलं, "तिले वाईट तं नसन वाटलं?"