पटवून देणाऱ्या बाई

"हे झालं तुझं रडगाणं. आता समोरच्याला भीती कसली वाटते, ते लिही," असं म्हणत बाई मुलांच्या परिच्छेदावर सरळ काट मारायच्या.

ओमानमधल्या अल हैलमध्ये त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. शुक्रवारी सकाळी बिल्डिंगमधली मराठी मुलं त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून दुसऱ्याला पटेल असं लिहायला शिकायची. मला आधी हसूच आलं. पटवणं हा माझा धंदा. मी एसी विकतो. इथल्या उन्हात एसी विकायला कुणाला पटवावं लागत नाही, असं आमच्या बायकोचं मत आहे.

तर आमच्या सईने विषय घेतला, 'मला हॉस्टेलला का पाठवू नये'. दहावीनंतर तिला पुण्याला धाडायचं मी ठरवून टाकलं होतं. पहिल्या खेपेला ती कागदावर नुसती रडली होती. बाईंनी काट मारली आणि तिला खाली माझ्याकडे पिटाळलं.

"बाबा, तुम्हाला ॲक्च्युअली भीती कसली वाटते?"

भीती? मला? मी स्पर्धा, करिअर, भवितव्य यांवर एवढं लांबलचक भाषण दिलं की चहा गार झाला. त्यातून तिने एवढंच लिहिलं: 'बाबांना वाटतं, मी इथे राहिले तर मागे पडेन आणि त्यांना दोष देईन. पण मी लांब गेले आणि आमचं बोलणंच संपलं, तर दोष द्यायलासुद्धा मी फोन करणार नाही.'

तो कागद मी दोनदा वाचला. पण मी पडलो मुरलेला विक्रेता! "विचार करतो," म्हणालो. मला टाळणारी गिऱ्हाइकंही हेच म्हणतात.

बाईंनी त्या कागदावर काट मारली नाही. तो स्वतःकडेच ठेवून घेतला, असं सई सांगत आली. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्यात हॉस्टेलला होता. त्याचे फोन 'हो', 'नाही', 'ठेवतो' एवढ्यावर आले होते, हे मला त्यांच्या मिस्टरांकडून कळलं.

महिनाभरात बाईंनी सामान बांधलं. मिस्टर इथेच नोकरीवर राहणार, त्या पुण्याला मुलाजवळ.

"बाई, मी तर बाबांना पटवत होते ना!" त्या निघाल्या तेव्हा सई हुंदके देत म्हणाली.

"हो गं. मला आधी पटलं."

मी तिथल्या तिथे जाहीर केलं, सई कुठेही जाणार नाही. माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सईने बाईंच्या बॅगेचं हँडल घट्ट धरून ठेवलं होतं. "विमान चुकेल गं," बाई म्हणत होत्या, पण त्यांनीही ती बॅग ओढून घेतली नाही.