शुक्रवारी सुट्टी असलेला पिचर

मी विनायक गोसावी, वाणिज्य पदवीधर आणि आपल्या माजी बेसबॉल खेळाडू मंडळाचा चिटणीस. आज सकाळच्या बैठकीत जे घडले, ते या समूहातील सर्वांना कळावे म्हणून लिहीत आहे.

नव्वदच्या दशकातील जिल्ह्याचा सर्वोत्तम खेळाडू निवडून पुढच्या रविवारी त्याचा सत्कार करायचा, एवढाच विषय होता. इंदिरानगरला माझ्या घरी दोन तास वाद झाला आणि अखेर मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या रफिकवर एकमत झाले. त्याच्या चेंडूला बॅट लागली, तर फलंदाजच चकित होत असे.

मी लगेच फोन लावला. तो हरखला. बायकोला हाक मारून सांगतानाही ऐकू आला. मग म्हणाला, "पण गोसावीसाहेब, संडेला लूम चालू असतो ना. आमची सुट्टी जुम्म्याला. तेव्हा ठेवा, नमाज पढून लगेच निघतो."

मी शुक्रवार सुचवला. अध्यक्ष म्हणाले, "शुक्रवारी पाहुणे कुठून आणायचे? सिन्नरचा दिलीप घ्या. तोही बरा खेळायचा."

"दोन तासांत त्याचे नावही कोणी घेतले नव्हते."

"मग शाल तुम्हीच घ्या! रविवारी मोकळेच असता."

सगळे हसले. मला हसू आले नाही. मी एकच मोसम खेळलो, तोही राखीव म्हणून.

आता रफिकला नकार कळवण्याचे काम चिटणीस म्हणून माझ्याकडे आले आहे. खेळात नव्हे, वारात कमी पडलास, असे त्याला सांगू? मी तो फोन करणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आपल्यापैकी कोण येऊ शकेल, ते कृपया खाली स्पष्ट लिहावे.

विनायक गोसावी
नाशिक, १३ डिसेंबर २००८