बुरशीची दृष्ट

माझा भुताखेतांवर विश्वास नाही, आणि ठेवणाऱ्यांवर मी चिडते. तरीही कुंभकोणमच्या प्रयोगशाळेतली ती सकाळ आठवली की अंगावर काटा येतो.

धाकट्या बहिणीच्या मुलीला, आमच्या पापाला, रक्ताचा कर्करोग झाला होता. मला ती पेरियम्मा, म्हणजे मोठी मावशी, म्हणते. तिचं औषध म्हणजे जिवाणूंपासून काढलेलं एक एन्झाइम. दुसऱ्याच इंजेक्शनला पोरीचा चेहरा सुजला, श्वास अडला, आणि ते बंद करावं लागलं. तसलंच एन्झाइम समुद्री बुरशीतून काढायचं, हेच नेमकं माझं काम. वेदारण्यमच्या खाऱ्या चिखलातली बुरशी मी काचेच्या बशांत वाढवत होते. एन्झाइम सुटलं की बशीतला पिवळा रंग गुलाबी होतो. सहा महिने एकही बशी गुलाबी व्हायला तयार नव्हती.

त्या सकाळी बशांचं कपाट उघडलं, तर साऱ्या बशा लालगुलाबी. आनंदाने मी त्या मोजू लागले. मग नजर खालच्या फळीवर गेली. तिथे तुलनेसाठी ठेवलेल्या, बुरशी न घातलेल्या बशा होत्या. त्याही लाल. त्यांत जिवंत असं काही नव्हतंच. मी घाबरत एक झाकण उचललं. हळदीचा वास आला.

आमच्या तंजावरी घरांत दृष्ट काढायला हळद नि चुना कालवलेलं लाल पाणी ओवाळतात. त्याला आरती म्हणतात. चुन्यानेही बशीतला रंग असाच पालटतो. तेवढ्यात बहीण रोजच्यासारखी माझा डबा घेऊन आली आणि मी तिच्यावर उखडले.

"सगळं मातीत घातलंस. पापाच्या औषधाला हात का लावलास?"

"काल दुपारीं तूं वर गेलीस, तेव्हां आरतीचें पाणी घातलें," ती शांतपणे म्हणाली. "हें औषध पापापर्यंत पोंचणार न्हवे, अक्का. दहा वर्षं लागतील म्हणून तूंच फोनवर सांगत होतीस. आरती तुजसाठीं केली, ह्या बुरशीची दृष्ट तुला लागली म्हणून."

"मला काय झालंय?"

"रोज ह्या कपाटांत तोंड घालून बोलतेस. 'पापा, जेवलीस काय' म्हणून विचारतेस, आणि कान देऊन थांबतेस. मी दारांत उभी असतें, तूं पाहत नाहीस. ती तिकडे वॉर्डांत विचारते, पेरियम्मा का येईना?"

बोलल्याचं मला काहीच आठवत नव्हतं. वॉर्ड चालत दहा मिनिटांवर होता, आणि मी पापाला पाहून महिना झाला होता.