बारा नंबरचा शिपाई

जावईबापूंनी कौतुकाने पाहायला म्हणून कोपर टेकवलं आणि ब्रश धुवायचा पेला थेट बारा नंबरच्या शिपायावर कलंडला. बंदूक, पट्टा, बूट शाबूत राहिले. डोकं तेवढं वाहून गेलं.

"लढाईत असं व्हायचंच," ते ओशाळून म्हणाले.

सासऱ्यांना हसू आलं नाही. एरवी यायचं.

सासरे सिगारेटच्या पाकिटातली चित्रं काढत. पाकीट चेपलं जाऊ नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा असायचा. पुढे यांचा शिपाई, मागे 'शूरांचा झुरका'. छापखान्यात सगळे त्यांना सरसेनापती म्हणत. तीस वर्षांत पलटणीच्या पलटणी उभ्या केल्या. पण शेजारचं कुत्रं मोकळं असलं की स्वारी घराबाहेर पडत नसे. चेहरा कधी मनाने काढला नाही. ओळखीचा माणूस धरायचा, हातात बंदूक म्हणून झाडू द्यायचा आणि उभा करायचा.

मागच्या लढाईनंतर मात्र त्यांचे सगळे शिपाई पाठमोरे. मालक कुरकुरे, "अहो, सैन्य पळतंय का आपलं?"

"झाडू आणू का?" जावईबापूंनी छाती काढली. "सहा वर्षं मागे लागलोय, बाबा. काढाच आता मला."

"तुम्हाला लग्नात पोटभर पाहिलंय. टिपकागद द्या आधी, खणातला."

कोपऱ्यावर भरतीचं टेबल मांडून आठवडा झाला होता. रांग रोज दोन दुकानांनी लांबत होती. जावईबापू तिकडून दोनदा गेले होते, आपले सहज. घरात कुणाला पत्ता नाही, अशी त्यांची समजूत होती.

त्यांनी भलताच खण ओढला. आत जुना संच, मागच्या लढाईच्या आधीचा. सगळे समोर बघणारे. घोड्यावर जुना पोस्टमन. तो म्हणे पत्राआधी स्वतःचं चित्र दाखवायचा. तोफेपाशी न्हावी, त्याच झुबकेदार मिशा. त्याने आपलं चित्र दुकानाच्या आरशात खोचलं होतं. दोन महिन्यांत तो भरती झाला आणि ते दुकानच बंद झालं. आणि निशाण धरून हसणारा हा कोण? जावईबापूंचा हात थबकला. हा बाहेरच्या खोलीतल्या हार घातलेल्या फोटोतला. बायकोचा थोरला भाऊ.

"हे सगळे..."

"सगळे," सासरे म्हणाले. "खण लावा."

टिपकागदाने पाणी टिपलं गेलं. सासऱ्यांनी कोऱ्या पुठ्ठ्यावर बारा नंबर पुन्हा काढायला घेतला. टोपी झाली, मान झाली, पाठीवरची पिशवी झाली. पाठमोराच. बाहेर भरतीवाल्यांचा ढोल सुरू झाला, तसा जावईबापूंचा पाय नकळत ठेका धरू लागला. सासऱ्यांनी त्या पायाकडे पाहिलं.

"एक चेहरा काढला असता तर काय बिघडलं असतं, बाबा?"

"तुम्हाला तो आवडला असता."