शिडीकाकांनी निवडलेला कंट्रोलर

“मला येतं तेच चांगलं, असं मला हल्ली वाटायला लागलंय,” शिडीकाका एकदा थोरल्या बहिणीला म्हणाले होते. ताई हसली होती. त्यांना हसू आलं नव्हतं.

बाटल्यांच्या कारखान्यात सगळे त्यांना शिडीकाकाच म्हणत. यंत्रानं कधी चालायचं, कधी थांबायचं हे ठरवणारा पीएलसी, म्हणजे कंट्रोलर, त्यांच्या ताब्यात होता. त्याचा प्रोग्रॅम पडद्यावर शिडीच्या पायऱ्यांसारखा दिसे, आणि त्या पायऱ्या डोळे मिटून चढाव्या-उतराव्या त्या काकांनीच. कुठली पायरी कशासाठी, याच्या टिपा त्यांनी कधी लिहिल्या नव्हत्या. आधी कंटाळा म्हणून. पुढे पुढे, कंटाळा नसतानाही.

आता तापलेल्या बाटल्या हळूहळू गार करणारी दुसरी भट्टी यायची होती, आणि तिचा कंट्रोलर काकांनी निवडायचा होता. काकांना येणाऱ्या जुन्या जातीचे कंट्रोलर बनायचे केव्हाच थांबले होते. एका व्यापाऱ्याकडे थोडे सीलबंद उरले होते. नव्या जातीत शिडी नावापुरती. खरं काम ओळीच्या ओळी लिहून. काकांनी नव्याचा नमुना घरी आणला, दर सुट्टीला त्याच्यासमोर बसून पाहिलं. दुसरी ओळ वाचेपर्यंत पहिली पुसली जाई. पालथ्या घड्यावर पाणी. आणि हे येत नाही म्हणून काम गेलं, तर या वयात दारात कोण उभं करणार? ऑफिसात ते म्हणाले, “नवा तपासला. आपल्या कामाचा नाही.”

प्रकल्प सांभाळणाऱ्या मॅडम त्यांच्या लेकीच्या वयाच्या. “काका म्हणाले म्हणजे झालं!” इतकंच त्या म्हणाल्या. काकांना वाटलं, निदान उलट दोन प्रश्न तरी विचारायचे.

मग एकदा ताप भरला म्हणून ते फोन बंद करून दुपारी झोपले, आणि नेमका त्याच वेळी जुन्या भट्टीचा कंट्रोलर बंद पडला. भट्टीतले गार हवेचे पंखे सुसाट सुटले. बाटल्या नको तितक्या झटपट गार झाल्या. दिसायला धडधाकट, आतून ताणलेल्या, कधीही फुटतील अशा. त्याच कारखान्यात उजेडासमोर धरून बाटल्या तपासायचं काम ताईचं.

जाग आल्यावर काकांनी फोन चालू केला. मिस्ड कॉलची रांगच्या रांग. छातीत काहीतरी सुखावलं. आपल्यावाचून अडलं! ते सुख ओसरायच्या आत ताई दारातून आली. तळहाताला जाड पट्टी.

“हे काय गं?”

“तुझ्या त्या लाडक्या कंट्रोलरच्या डब्याची कृपा. बाटली हातातच फुटली.”

“मग भट्टी बंद का नाही केली कुणी?”

“कोण करणार? सगळे तुला फोन लावत उभे. ‘मी आल्याशिवाय हात लावायचा नाही’, हे कुणी बजावलंय?”

“अगं, पण भट्टी थांबवायचं लाल बटण तरी...”

“सुचायला हवं होतं, कबूल. पण इतकी वर्षं तू कुणाला काही सुचू दिलंस? आणि नव्या भट्टीलाही म्हणे हाच डबा.” ती भिंतीला टेकली. “जा, पाणी तापव. मला एका हातानं जमत नाहीये.”

काकांनी पाणी तापवलं. उकळून आटायला लागलं तरी ते तिथेच उभे होते.

दोन दिवसांनी ऑर्डरच्या कागदावर मॅडमनी पेन टेकवलं. “शेवटचं विचारते, काका. जुनाच ना?”

एका ‘हो’नं सगळं निभावलं असतं. पोट, नाव, उरलेली वर्षं. काका त्या पेनच्या टोकाकडे बघत म्हणाले,

“नवा घ्या.”

“अहो, तुम्हीच म्हणालात ना, कामाचा नाही?”

“कामाचा आहे.”

“मग उत्तमच की! प्रोग्रॅम तुम्हीच लिहा. कधी बसताय?”

“काका, दप्तर भरा आता!” कोपऱ्यातला इलेक्ट्रिशियन म्हणाला. सगळे खळखळून हसले.

मला येत नाही. इतकंच सांगायचं होतं. पण त्या हसण्यात ते सांगवेना. मॅडम उत्तराची वाट बघत होत्या. बघता बघता त्यांना उमगलं आणि चेहऱ्यावरचं हसू विझत गेलं. सही न होताच पेन कागदावरून उचललं गेलं.

काकांनी खुर्ची मागे सारली आणि ते खोलीबाहेर पडले.